‘माहित्या’ म्हणत नाही, मग ‘इन्फर्मेशन्स’ का?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणाऱ्या ताई चाळिशीतल्या, शिक्षण सगळं मराठी माध्यमातून. ऑफिसात नुकतंच प्रमोशन मिळालं आणि त्याबरोबर इंग्रजी मेल लिहायचं काम अंगावर आलं. पहिल्याच मोठ्या मेलमध्ये त्यांनी लिहिलं, ‘वुई हॅव रिसीव्हड ऑल द इक्विपमेंट्स अँड फर्निचर्स, प्लीज सेंड फर्दर इन्फर्मेशन्स.’ एका ज्युनिअर सहकाऱ्याने तिन्ही शब्दांचे एस लाल करून तो मेल सगळ्या ग्रुपला परत पाठवला. पुढच्या आठवड्यात ‘द टीम आर डिव्हायडेड ऑन धिस’ असं लिहिलं, तर त्यावरही ‘टीम इज’ अशी दुरुस्ती आली. घरी मुलीच्या वर्कबुकमध्ये ‘व्हेअर अमुक माय सिझर्स’ अशी गाळलेली जागा होती, यांनी ‘इज’ सांगितलं, शाळेत फुली मिळाली आणि मुलगी म्हणाली, ‘आई, तुला नाही येत, राहू दे.’ तेव्हापासून व्याकरणाची तीन पुस्तकं आणून, दोन वह्या भरून नियम उतरवून झालेत, तरी मेल लिहायला बसलं की हात थांबतो, आणि असा एक अडलेला मसुदा त्यांनी पत्राला जोडलाय. सगळे सांगतात की मराठीतून विचार करणं बंद कर. त्यांचं विचारणं असं की नाऊनचे सगळे नियम पाठ कसे करायचे, आणि या वयात ते होणार नसेल तर सगळं चुका दुरुस्त करणाऱ्या सॉफ्टवेअरवर सोडून द्यायचं का?

ताई,

मुलीचं ते वाक्य तुम्ही एका ओळीत लिहून टाकलंत आणि लगेच पुस्तकांकडे वळलात, पण मला वाटतं खरा काटा तिथेच रुतलाय. ऑफिसातला मुलगा काय, आज आहे उद्या दुसऱ्या टीममध्ये जाईल, पण पोरीने ‘राहू दे’ म्हणणं वेगळं. त्या कात्रीकडे आपण शेवटी येऊच. आधी तुमच्या मनात जे पक्कं बसलंय त्यातलं थोडं हलवून बघू या.

पहिली गोष्ट, तुम्ही लिहिलंय की ‘नाऊन म्हणजे पाचवीतला धडा, तोही मला येत नाही’. नाऊन ओळखणं पाचवीतलं, हे खरं. पण इंग्रजीतलं नाऊन एकवचनी चालवायचं की अनेकवचनी, त्याला एस लागतो की नाही, त्याच्यापुढे इज येतं की आर, हे पाचवीतलं मुळीच नाही. ज्यांची ती मातृभाषा आहे त्यांना हे जन्मापासून कानावर पडून येतं, त्यामुळे यात काही अवघड आहे हे त्यांच्या लक्षातही येत नाही. मोजता येणारे शब्द आणि ढिगाने वापरायचे शब्द हा फरक ज्यांनी नीट मांडून दाखवला त्यात ऑटो येस्पर्सन या भाषाशास्त्रज्ञांचं नाव येतं, १९२४ च्या त्यांच्या पुस्तकात तो आहे, आणि हे गृहस्थ डेन्मार्कचे. पुढे ए. एस. हॉर्नबी म्हणून इंग्रज शिक्षक होते, ते जपानात शिकवायचे, तिथे त्यांनी सहकाऱ्यांबरोबर परक्या भाषेतून येणाऱ्यांसाठी वेगळी डिक्शनरी केली, ती १९४२ साली टोकियोत छापली गेली आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने काढली. आज शब्दाशेजारी सी किंवा यू असं बारीक अक्षर दिसतं ना, म्हणजे मोजता येतो की येत नाही, ती सोय बाहेरून इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी झालेली आहे. म्हणजे तुम्ही जिथे अडखळताय तिथे बाहेरून येणारा प्रत्येक जण अडखळतो, आणि एवढ्या लोकांची अडचण होती म्हणूनच डिक्शनऱ्यांत ती खूण आली.

आता दुसरी गोष्ट, आणि हीच मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ‘मराठीतून विचार करणं बंद कर.’ हा सल्ला तुम्हाला पाच जणांनी दिलाय आणि तुम्ही तो खरा धरलाय. जरा तुमचाच मेल समोर घ्या. त्यात चुका तीन. इन्फर्मेशन्स, फर्निचर्स, इक्विपमेंट्स. मराठीत तुम्ही कधी ‘मला आणखी माहित्या पाठवा’ म्हणालात का? नाही ना. कितीही पानं असली तरी ‘माहिती पाठवा’. ‘फर्निचरं आली’ म्हणालात? नाही, ‘फर्निचर आलं’, मग त्यात चार टेबलं असोत की चाळीस खुर्च्या. मग तीनपैकी दोन चुका मराठीमुळे कशा झाल्या? उलट त्या दोन ठिकाणी तुम्ही मराठीचं ऐकलं असतंत तर बरोबर लिहिलं असतंत. चूक झाली ती कुठल्यातरी वर्गात डोक्यात बसलेल्या ‘एकाहून जास्त म्हणजे एस’ या एका ओळीमुळे. फक्त इक्विपमेंट्सचा दोष मराठीला देता येईल, कारण आपण ‘उपकरणं’ म्हणतो आणि इंग्रजी तसं म्हणत नाही.

हे एकदा दिसलं ना की त्या दोन भरलेल्या वह्यांचं ओझं निम्म्याने कमी होतं. कारण नाऊनचे जे नियम पुस्तकात ‘ट्रिकी’ म्हणून चौकटीत छापलेले असतात त्यातले कितीतरी तुम्ही मराठीत रोज न चुकता पाळता. ‘वन ऑफ माय फ्रेंड’ की ‘फ्रेंड्स’, हा प्रश्न लोकांना वर्षानुवर्षं छळतो. आता मराठीत म्हणून बघा, ‘माझ्या मैत्रिणींपैकी एक आली’. ‘मैत्रिणीपैकी’ म्हणाल का? ‘पैकी’ आलं की आधी अनेकवचन हवंच, आणि क्रियापद मात्र त्या ‘एक’ बरोबर जातं, एक आली, आल्या नाही. इंग्रजीत तंतोतंत तेच, वन ऑफ माय फ्रेंड्स इज कमिंग. तसंच ‘प्रत्येक’चं. प्रत्येक मुलगा आला, आपण ‘प्रत्येक मुलगे आले’ म्हणत नाही, म्हणून एव्हरी स्टुडंट इज, एव्हरी स्टुडंट्स आर नाही.

आकड्यांचं बघा. ‘फाइव्ह थाउजंड पीपल’ की ‘फाइव्ह थाउजंड्स’? आपण म्हणतो पाच हजार माणसं, पण नेमका आकडा नसला की हजारो माणसं. इंग्रजीही तेच करते, फाइव्ह थाउजंड, पण थाउजंड्स ऑफ. दोन डझन म्हणजे टू डझन, आणि डझनावारी म्हणजे डझन्स ऑफ. मला कुणी शाळेत हे असं जोडून दाखवलं असतं तर मी पुढे कितीतरी वर्षं ‘टू डझन्स’ लिहिलं नसतं.

आणि हे माझं आवडतं. ‘अ टू-अवर मीटिंग’, ‘अ फाइव्ह-पेज रिपोर्ट’. पानं पाच आहेत तरी पेज एकवचनी का, म्हणून लोक अडतात. आता मराठीत चाकं चार असतात पण गाडी चारचाकी, मजले दोन पण इमारत दोनमजली, पानं पाच पण पत्र पाचपानी. शब्द दुसऱ्या शब्दाचं विशेषण झाला की त्याचं अनेकवचन गळून पडतं, हे आपल्या भाषेत रोज घडतं. ‘अ फाइव्ह-इयर-ओल्ड गर्ल’ मध्ये इयरला एस नाही तो याच कारणाने. पण ‘शी इज फाइव्ह इयर्स ओल्ड’ मध्ये आहे, कारण तिथे ते नाऊनच्या आधी बसलेलं विशेषण नाही.

शीप, डिअर, एअरक्राफ्ट, सिरीज, स्पीशीज हे एकालाही तेच आणि शंभरालाही तेच, यांची वेगळी यादी तुमच्या वहीत असेलच. पण एक दगड पडला, दहा दगड पडले, यात ‘दगड’ कुठे बदलला? उंदीर, दात, हात, पाय, देव, सगळे तसेच राहतात, क्रियापद काय ते सांगतं. द शीप इज, द शीप आर, अगदी तसंच. आणि इंग्रजीत सव्वीस ‘अल्फाबेट्स’ आहेत असं जे सर्रास बोललं जातं, मी स्वतः नोकरीला लागेपर्यंत तसंच म्हणायचे, तिथेही मराठीने वाचवलं असतं. अल्फाबेट म्हणजे अख्खी वर्णमाला. २६ वर्णमाला आहेत असं आपण म्हणू का? वर्णमाला एकच, अक्षरं २६, म्हणून लेटर्स २६. मॅथेमॅटिक्स, फिजिक्स, मीझल्स यांच्या शेवटी एस आहे तरी इज का, तर गणित अवघड आहे, गोवर आला आहे, आपणही एकवचनीच बोलतो.

म्हणजे मराठीतून विचार करणं बंद करू नका, उलट जिथे शंका येईल तिथे आधी तेच वाक्य मराठीत मोठ्याने म्हणून बघा. निम्म्याहून जास्त वेळा उत्तर तिथेच मिळतं, असा माझा अनुभव आहे.

मग उरतं काय? उरतात त्या जागा जिथे मराठी एका पद्धतीने मोजते आणि इंग्रजी दुसऱ्या. तेवढ्याच शिकायच्या आहेत, आणि त्या फार नाहीत. आपण सल्ले देतो, बातम्या ऐकतो, पुरावे गोळा करतो, दहा कामं करतो, पैसे मोजतो, केस कापतो. हे सगळं आपल्याकडे अनेकवचनी चालतं. इंग्रजीत अॅडव्हाइस, न्यूज, एव्हिडन्स, वर्क, मनी, हेअर, आणि तुमचं ते इक्विपमेंट, हे सगळे एकवचनी ढीग. एस नाही, आधी ‘अ’ नाही, पुढे ‘इज’. हर हेअर इज लाँग. द मनी इज इन द ड्रॉवर, नोटा पन्नास असल्या तरी. एकेक मोजायचंच असेल तर वेगळा शब्द आधी लावायचा, अ पीस ऑफ अॅडव्हाइस, अ पीस ऑफ इक्विपमेंट, अॅन आयटम ऑफ न्यूज. आपण नाही का पाणी मोजता येत नाही म्हणून तांब्याभर, घोटभर म्हणतो, वाळू मूठभर म्हणतो, तसंच ते. ऑफिसच्या मेलमध्ये आणखी चार सतत येतात, फीडबॅक, सॉफ्टवेअर, रिसर्च आणि स्टाफ. फीडबॅक्स नाही, सॉफ्टवेअर्स नाही, रिसर्चेस नाही. स्टाफ्सही नाही, दोन माणसं म्हणायची असतील तर टू मेंबर्स ऑफ स्टाफ.

दुसरा ढीग उलटा. आपण चष्मा लावतो, कात्री घेतो, विजार घालतो, जीन्स विकत घेतली म्हणतो, सगळं एकवचनी. इंग्रजीत स्पेक्टॅकल्स, सिझर्स, ट्राउझर्स, जीन्स हे सगळे अनेकवचनी, कारण त्यांच्या नजरेला त्या वस्तूचे दोन सारखे भाग दिसतात, दोन पाती, दोन पाय, दोन काचा. अ सिझर नाही, अ पेअर ऑफ सिझर्स. आणि गंमत अशी की आधी पेअर आला की क्रियापद त्या पेअरकडे बघतं, धिस पेअर ऑफ सिझर्स इज शार्प, पण नुसतं असेल तर द सिझर्स आर शार्प. थँक्स, कॉंग्रॅच्युलेशन्स, सेव्हिंग्ज, गुड्स हेही कायम अनेकवचनी.

तिसरा एकच शब्द आहे पण मोठी माणसंही त्यात चुकतात, पोलीस. मराठीत दारात एक पोलीस आला असं आपण म्हणतो. इंग्रजीत पोलीस म्हणजे ती सगळी मंडळी, एक माणूस नाही. अ पोलीस नाही, अ पोलीस ऑफिसर. आणि द पोलीस आर, इज नाही. कॅटल आणि पीपल यांचंही तसंच, एस दिसत नाही तरी आर.

बस. हे तीन ढीग म्हणजे तुमच्या कामाचं बहुतेक सगळं झालं.

तुम्ही पुस्तकात त्यामागचं लॉजिक शोधताय हे तुमच्या प्रश्नावरून कळतं, ‘सल्ले मोजता येतात ना, मग का नाही?’ असं तुम्ही लिहिलंय. खरंच मोजता येतात. इटालियन लोक सल्ल्याचं अनेकवचन करतात, फ्रेंच आणि जर्मनमध्ये ‘इन्फर्मेशन’चं अनेकवचन राजरोस होतं, फ्रेंचमध्ये फर्निचरची एकेक वस्तू मोजतात. इतकंच काय, काही शतकांपूर्वीच्या इंग्रजीतही ‘इन्फर्मेशन्स’ सापडतं, आणि शेक्सपिअरच्या काळी ‘दीज न्यूज’ असं अनेकवचनी लिहिलं जायचं. म्हणजे तुमच्या डोक्याला जे पटत नाही ते न पटण्यासारखंच आहे, तिथे तर्क नाही, वहिवाट आहे, आणि ती वहिवाटही बदलत आलेली आहे. पूर्वी ‘पीझ’ हा वाटाण्यासाठीचा एकवचनी शब्द होता, शेवटचा आवाज ऐकून लोकांना वाटलं हे अनेकवचन, मग त्यातून ‘पी’ असा नवाच एकवचनी शब्द तयार झाला आणि आज तोच शुद्ध आहे. अजेंडा हा लॅटिनमध्ये अनेकवचनी, इंग्रजीत तो एकवचनी झाला आणि त्याचं अजेंडाज होतं, कुणाला खटकत नाही. डेटाचं अजून मधेच लटकलंय, शास्त्रीय लेखनात पुष्कळ जण डेटा आर लिहितात, कॉम्प्युटरच्या जगात डेटा इज. दोन्ही चालतं. क्रायटेरिया आणि फिनॉमिना मात्र अजून पक्के अनेकवचनी आहेत, एक असेल तर क्रायटेरिअन, फिनॉमिनन, हे तेवढं जपा. त्यामुळे कारण शोधत बसू नका, माणसाचं नाव जसं आपण कारण न विचारता लक्षात ठेवतो तसे हे शब्द ठेवायचे.

आता तो सहकारी. इक्विपमेंट्सबद्दल तो बरोबर होता, ते मान्य करू. पण ‘टीम आर’ बद्दल तो चूक म्हणता येईल इतका घाईत होता. टीम, कमिटी, फॅमिली, गव्हर्नमेंट या समूहवाचक शब्दांचं असं आहे की अमेरिकन इंग्रजीत बहुतेक वेळा इज लावतात, ब्रिटिश इंग्रजीत इज आणि आर दोन्ही चालतं, आणि समूहातली माणसं वेगवेगळी डोळ्यासमोर असतील तर आर जास्त शोभतं. तुमचं वाक्य होतं टीममध्ये मतभेद आहेत असं. एकसंध टीमचे मतभेद होत नाहीत, माणसांचे होतात, म्हणून ‘द टीम आर डिव्हायडेड’ हे ब्रिटिश वळणाचं चांगलं इंग्रजी आहे. तुम्ही ते ठरवून लिहिलं नसेल कदाचित, पण बरोबर लिहिलंत, आणि कुणीतरी आत्मविश्वासाने लाल केलं म्हणून लगेच स्वतःला चूक ठरवलंत. हे मला जास्त लागलं. तुमच्या ऑफिसात अमेरिकन पद्धत चालत असेल तर टीम इज लिहा, त्यात काही बिघडत नाही, फक्त एका मेलमध्ये एकच पद्धत ठेवा, वर इज आणि खाली आर नको. आणि त्या मुलाला एकदा एकट्याला गाठून शांतपणे सांगा की चूक दिसली तर मला सांगत जा, मला हवंच आहे, पण मला एकटीला पाठव, सगळ्यांना नको. तुम्ही त्याच्या सीनिअर आहात, एवढं म्हणायचा तुम्हाला हक्क आहे, आणि त्यासाठी आधी इंग्रजी पक्कं व्हायची वाट बघायची गरज नाही.

सॉफ्टवेअर वापरा, नक्की वापरा, त्यात कमीपणा नाही. इक्विपमेंट्स, इन्फर्मेशन्स ते लगेच पकडतं. पण एका ठिकाणी ते हमखास हातावर तुरी देतं, जिथे एस लावलेला आणि न लावलेला असे दोन्ही शब्द शुद्ध असतात आणि अर्थ मात्र वेगळा असतो. डॅमेज म्हणजे नुकसान, डॅमेजेस म्हणजे कोर्टातून मिळणारी नुकसानभरपाई. नुकसान कळवण्याच्या मेलमध्ये तुम्ही डॅमेजेस लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल तुम्ही भरपाई मागताय, आणि सॉफ्टवेअर गप्प बसू शकतं. पेपर म्हणजे कागद, पेपर्स म्हणजे कागदपत्रं. ग्लास म्हणजे काच, ग्लासेस म्हणजे चष्मा किंवा पेले. कस्टम म्हणजे रूढी, कस्टम्स म्हणजे सीमेवरची जकात. एक्सपिरियन्स म्हणजे कामाचा साठलेला अनुभव, एक्सपिरियन्सेस म्हणजे आयुष्यात आलेले प्रसंग, म्हणून कामाच्या अर्जात ‘आय हॅव मेनी एक्सपिरियन्सेस इन अकाउंट्स’ लिहिलं तर कुठेच लाल रेघ येणार नाही आणि तरी ते वाकडं आहे. तिथे टेन इयर्स एक्सपिरियन्स, आणि इयर्सच्या एसनंतर अपॉस्ट्रॉफी, कारण ते दहा वर्षां‘चा’ अनुभव आहे. हा ‘चा-ची-चे’ मनात आला तरच अपॉस्ट्रॉफी द्यायचा. नुसतं अनेकवचन करताना, फोटोज, व्हिडिओज लिहिताना, तो देत नाहीत, पाट्यांवर कितीही दिसला तरी.

तर मशीनला शुद्धलेखन कळतं, तुम्हाला काय म्हणायचंय ते कळत नाही, ते तुम्हालाच बघावं लागतं.

आता करायचं काय. ती तीन पुस्तकं आणि दोन वह्या कपाटात ठेवा. एक छोटी डायरी घ्या आणि तिच्यात सुटा शब्द कधीच लिहू नका. ‘न्यूज, एकवचनी’ असं लिहिलेलं डोक्यात राहत नाही, मेल लिहिताना ते आठवतही नाही. त्याऐवजी शब्दाला त्याच्या सोबत्यांसकट लिहा, ‘द न्यूज इज गुड’, ‘मच एव्हिडन्स’, ‘द पोलीस आर हिअर’, ‘माय ट्राउझर्स आर टॉर्न’, आणि तीन-चार वेळा मोठ्याने म्हणा, कारण हे काम कानाचं आहे. मच आणि मेनी मुद्दाम सोबत लिहा, कारण मराठीत आपल्याला एकच ‘किती’ पुरतं, किती पाणी, किती माणसं, त्यामुळे तो फरक आपल्या कानाला आपोआप कळत नाही. ज्याच्या आधी मच बसतं त्याला एस नाही, ज्याच्या आधी मेनी बसतं त्याला एस किंवा मेन, चिल्ड्रनसारखं त्याचं जे काही अनेकवचन असेल ते. हा एवढा एक तपास मेल पाठवायच्या आधी करा.

आणि शब्द कुठले लिहायचे? पुस्तकातल्या यादीतले नकोत. ऑक्सन आणि गीस तुम्हाला ऑफिसात कधी लागणार नाहीत. गेल्या दोन महिन्यांतले तुमचे पाठवलेले मेल उघडा, त्यात परत परत येणारी नाऊन काढा, वीस-पंचवीसच्या पुढे जाणार नाहीत बघा. ऑफिसच्या मेलमध्ये माणूस तेच तेच शब्द वापरत असतो. तेवढी डिक्शनरीत बघा, सी आहे की यू, दोन्ही असेल तर खालची उदाहरणं वाचा. दिवसाला दोन. असंच पत्र मला इंटरव्ह्यूची तयारी करणाऱ्यांकडून, शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्यांकडूनही येतं, त्यांनाही हेच सांगते, तुमच्या स्वतःच्या लिहिण्यातले शब्द आधी, जगातले नंतर.

वयाबद्दल तुम्ही विचारलंत त्याला माझं उत्तर एवढंच की पंचवीस शब्दांच्या सोबत्यांची ओळख करून घ्यायला कुठलंही वय चालतं.

आता कात्री. मुलीजवळ बसा आणि तिला सांगा की तुझ्या शाळेतलं बरोबर होतं, मी चुकले, आणि का चुकले तेही मला कळलंय. मग खरी कात्री हातात घ्या, उघडा, दोन पाती दाखवा, आणि विचारा, आपण कात्री एक म्हणतो, इंग्रज हिला दोन का म्हणतात सांग बरं? मग ती घरभर फिरून अशा जोड्या शोधेल, चष्मा, पँट, चिमटा, आणि प्रत्येकीला आर लावेल. तिला चिल्ड्रनची गोष्टही सांगा, की चाइल्डचं जुनं अनेकवचन ‘चिल्डर’सारखं होतं, ते आधीच अनेकवचन आहे याची जाण लोकांमधून पुसट झाली आणि त्यावर आणखी एक जुना प्रत्यय चढला, म्हणून आजचा चिल्ड्रन हा दोनदा अनेकवचनी झालेला शब्द आहे. तिला हे वर्गात सांगायला फार आवडेल, आणि आईने सांगितलं असं म्हणून सांगेल.

आणि तो अडलेला मेल. तुम्ही पत्रासोबत त्याचा मसुदा पाठवलाय, त्यातली ओळ अशी करा, ‘वुई हॅव रिसीव्हड ऑल द इक्विपमेंट अँड द फर्निचर. टू पीसेस ऑफ इक्विपमेंट आर डॅमेज्ड. प्लीज सेंड अस मोअर इन्फर्मेशन अबाउट द रिप्लेसमेंट.’ यात इक्विपमेंट दोनदा आलंय, एकदा ढीग म्हणून आणि एकदा मोजून, आणि दुसऱ्यांदा आर आलंय ते पीसेससाठी. बाकी मसुदा ठीक आहे, उद्या सकाळी पाठवून टाका.